नकाशातले घर आणि प्रतिरूपातले घर

वहीच्या कोऱ्या पानावर पट्टी ठेवून दोन समांतर रेघा काढा आणि शेजारी बसलेल्या मित्राला विचारा, "हे काय आहे?" तो म्हणेल, रस्ता. दुसरा म्हणेल, रेल्वेचे रूळ. नुकतीच भूमिती शिकून आलेली तुमची बहीण म्हणेल, समांतर रेषा, दुसरे काय! आणि घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला विचारलेत, तर तो क्षणभरही न थांबता सांगेल, भिंत. चौघांचेही उत्तर बरोबर आहे. कागदावर फक्त रेघा आहेत. रस्ता, रूळ किंवा भिंत ही पाहणाऱ्याच्या डोक्यात आहे.

या साध्या गोष्टीत एक मोठी अडचण दडलेली आहे. गावात घर बांधायचे, तर आधी नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी लागते. त्यासाठी वास्तुविशारद नकाशे काढून कचेरीत सादर करतो. तेथील अधिकारी ते तपासतो. खोल्या पुरेशा मोठ्या आहेत का? उजेड आणि वारा येईल का? जिना चढता येण्याजोगा आहे का? आग लागली तर माणसे बाहेर पडू शकतील का? म्हणजे एका माणसाच्या डोक्यातले घर रेघांच्या रूपाने कागदावर उतरते आणि दुसऱ्या माणसाने त्या रेघांवरून ते आपल्या डोक्यात पुन्हा उभे करायचे असते. या वाटेत काही सांडले, तर त्याचा त्रास मात्र या दोघांना होत नाही. तो होतो त्या घरात पुढे राहायला येणाऱ्या कुटुंबाला.

म्हणूनच अलीकडे काही देशांत नकाशाच्या ऐवजी, किंवा नकाशाबरोबर, घराचे संगणकावर तयार केलेले प्रतिरूप सादर करावे लागते. त्याला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' म्हणतात. आद्याक्षरे घेऊन त्याचे 'बिम' असे नावही रूढ झाले आहे. पण आपल्याकडे छताला आधार देणाऱ्या आडव्या तुळईला 'बीम' म्हणतात, तेव्हा घोटाळा नको म्हणून आपण या लेखात नुसते 'प्रतिरूप' म्हणू. हे प्रतिरूप कसे रचतात आणि ते तपासतात कसे, हे आज पाहू.

एक गैरसमज आधीच दूर करून टाकतो. नव्या इमारतीच्या जाहिरातीत हिरवळ, कारंजे आणि निळे आकाश असलेले जे देखणे त्रिमितीय चित्र असते, ते प्रतिरूप नव्हे. त्या चित्रातल्या भिंतीला तुम्ही विचारलेत, की बाई, तू विटांची की काँक्रीटची, तर ती काही सांगू शकणार नाही. ती रंगवलेला पडदा आहे. प्रतिरूपातली भिंत दिसायला त्या मानाने रुक्ष असते, पण विचारल्यावर उत्तर देते.

रंगांची जुनी भाषा

नकाशा काढणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होतीच. म्हणून तर परवानगीच्या नकाशांत रंगांची एक भाषा ठरवलेली आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जागेची हद्द जाड काळ्या रेघेने दाखवायची, नवे बांधकाम लाल रंगाने भरायचे, पाडायचा भाग पिवळ्या तिरप्या रेघांनी, सांडपाण्याची वाट लाल तुटक रेघेने. रेघ तीच, पण तिला रंग दिला की तिला थोडासा अर्थ चिकटतो.

तरीही मोठी उणीव राहतेच. एकच खिडकी नकाशात किती ठिकाणी काढावी लागते पाहा. वरून पाहिलेल्या आराखड्यात एकदा, समोरून दिसणाऱ्या दर्शनी चित्रात एकदा, इमारत उभी कापली आहे अशी कल्पना करून काढलेल्या छेदचित्रात एकदा आणि शेवटी दारे-खिडक्यांच्या तक्त्यात एकदा. आता घरमालकाने खिडकी थोडी रुंद करायला सांगितली, की चारही ठिकाणी दुरुस्ती आली. तीन ठिकाणी झाली आणि चौथी राहून गेली, तर गवंड्याच्या हातात जो कागद पडेल त्याप्रमाणे भिंतीत भोक पडणार!

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी-मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन नावाचे एक वास्तुविशारद या प्रश्नावर काम करीत होते. १९७५ साली त्यांनी एका लेखात असे मांडले, की संगणकात नकाशे साठवूच नयेत. इमारतीचे भाग साठवावेत. भिंत एकदाच साठवायची आणि आराखडा, दर्शनी चित्र, छेद हे सारे संगणकाने त्या एकाच भिंतीवरून हवे तेव्हा काढून द्यायचे. त्या काळी मोठा संगणक एक खोली अडवून बसत असे, हे ध्यानात घ्या. कल्पना पुढे होती आणि यंत्रे मागे. ती व्यवहारात रुळायला आणखी पाव शतक लागले.

पोकळीलाही नाव हवे

चला, आपण एक लहानसे प्रतिरूप मनातल्या मनात रचू. एक खोली घेऊ. लांबी ३.६ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची २.७५ मीटर.

सर्वांत आधी भिंत काढायची नाही! आधी जागा सांगायची. पृथ्वीच्या पाठीवर ही जागा कोठे आहे, समुद्रसपाटीपासून किती उंच आहे आणि उत्तर दिशा कोणती. नकाशा काढताना इमारत कागदावर सरळ बसावी म्हणून आपण ती हवी तशी फिरवून घेतो. प्रतिरूपातही तसे करता येते. पण मग कागदाची वरची बाजू आणि खरी उत्तर यांत किती अंशांचा कोन आहे, ते वेगळे लिहावे लागते. हे लिहायला विसरलात, तर प्रतिरूपातला सूर्य भलत्याच भिंतीवर उगवेल.

मग मजल्यांच्या पातळ्या आल्या. त्यानंतर भिंती. प्रत्येक भिंतीची लांबी, उंची आणि जाडी द्यायची, ती कशाची आहे ते सांगायचे आणि ती कोणत्या मजल्यावर आहे तेही. मग भिंतीत खिडकी बसवायची. येथे एक गंमत आहे. प्रतिरूपात खिडकी थेट भिंतीत बसत नाही. आधी भिंतीत एक पोकळी पडते, मग त्या पोकळीत खिडकी बसते. पोकळी ही स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदली जाते. खरे बांधकामही तसेच असते ना? गवंडी आधी जागा सोडतो, सुतार नंतर चौकट आणतो.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र पुढेच आहे, आणि नवशिके ती हमखास विसरतात. चार भिंती, खाली फरशी, वर स्लॅब एवढे झाले की आपल्याला वाटते, खोली झाली. संगणकाला तसे वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तेथे सहा वस्तू आहेत आणि मध्ये काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला आपण नाव द्यावे लागते: ही 'खोली', हिचा उपयोग झोपण्यासाठी, हिचे क्षेत्रफळ अमुक. स्वयंपाकघराची पोकळी वेगळी, मोरीची वेगळी, जिन्याची वेगळी. माणूस राहतो भिंतींत नव्हे, भिंतींमधल्या पोकळीत. आणि नियमही बहुतेक पोकळीबद्दलच असतात. राष्ट्रीय संहिता म्हणते, की एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरांहून लहान नको. आता हे तपासायचे, तर 'खोली' म्हणून काहीतरी प्रतिरूपात असायला हवे. नसेल, तर यंत्र काय तपासणार?

आपल्या खोलीचे क्षेत्रफळ ३.६ × ३ म्हणजे १०.८ चौरस मीटर. पास!

बावीस अक्षरांचे नाव

आता अडचण अशी, की प्रतिरूप तयार करणाऱ्या संगणक-प्रणाली अनेक कंपन्यांच्या आहेत आणि प्रत्येकीची साठवण्याची तऱ्हा निराळी. कचेरीने कोणाकोणाची भाषा शिकायची? यावर तोडगा म्हणून सर्वांना वाचता येईल अशी एक सामाईक भाषा तयार केली गेली. तिचे नाव आयएफसी. २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आयएसओ १६७३९ हा क्रमांक मिळाला.

या भाषेतील फाइल साध्या मजकुरासारखी उघडून वाचता येते. आत शेकडो-हजारो ओळी असतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. आपल्या भाषेत आणल्यास त्या साधारण अशा दिसतील: ओळ १२० म्हणते, मी भिंत. ओळ १२१ म्हणते, मी पोकळी. ओळ १२२ म्हणते, १२१ ही पोकळी १२० या भिंतीत आहे. ओळ १२३ म्हणते, मी खिडकी. आणि ओळ १२४ म्हणते, १२३ या खिडकीने १२१ ही पोकळी भरली आहे. पाहिलेत? पाचांपैकी दोन ओळी कोणत्याच वस्तूबद्दल नाहीत. त्या दोन वस्तूंमधील नात्याबद्दल आहेत. खरी माहिती या नात्यांत असते.

प्रत्येक वस्तूला एक कायमचे ओळखनाव असते आणि ते २२ अक्षरांचे असते. अशी किती नावे होऊ शकतील? २ चा १२८ वा घात, म्हणजे सुमारे ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये! जगात आजवर बांधलेल्या सर्व घरांतील प्रत्येक विटेला वेगळे नाव दिले, तरी ही नावे संपण्याची भीती नाही. याचा फायदा असा, की अधिकाऱ्याने "अमुक नावाचे दार अरुंद आहे" असे कळवले, की वास्तुविशारदाला नेमके तेच दार सापडते. 'तिसऱ्या मजल्यावरचे डावीकडचे दुसरे' असले वर्णन करावे लागत नाही.

खिडकीचे गणित

आता आपल्या खोलीची तपासणी करू. खिडकी १.२ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच आहे, म्हणजे १.४४ चौरस मीटर. ही पुरेशी आहे का?

राष्ट्रीय संहितेत याचे उत्तर हवामानाप्रमाणे बदलते. उष्ण आणि कोरड्या प्रदेशात खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक-दशांश हवे; उष्ण आणि दमट प्रदेशात एक-षष्ठांश; थंड प्रदेशात एक-द्वादशांश पुरते. असे का? दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंगावरून वारा वाहायला हवा; कोरड्या प्रदेशात मोठी खिडकी म्हणजे दुपारच्या झळांना आमंत्रण. शहरोशहरीचे नियम थोडेफार वेगळे असतात, पण तत्त्व हेच.

१०.८ चा एक-दशांश १.०८. म्हणजे कोरड्या प्रदेशात आपली खिडकी उत्तम. पण हीच खोली कोकणच्या दमट हवेत नेली, तर १०.८ चा एक-षष्ठांश १.८ चौरस मीटर होतो आणि आपली १.४४ ची खिडकी नापास! खोली तीच, खिडकी तीच. फक्त गाव बदलले. आधी जागा सांगायची असा आग्रह मी का धरला, ते आता कळले असेल.

बरे, खिडकी १.५ मीटर रुंद करू. १.५ × १.२ म्हणजे नेमके १.८. झाले काम. पण या ३० सेंटिमीटरांनी आणखी काय काय हलले? भिंत ३.६ मीटर लांब, २.७५ मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाड आहे, असे धरा. पूर्वीची पोकळी वजा जाता भिंतीचे घनफळ सुमारे १.९५ घनमीटर होते. विटांच्या बांधकामाचा एक घनमीटर साधारण १,९०० किलोग्रॅम भरतो, म्हणजे भिंत सुमारे ३,७०० किलोची. आता तिचे वजन सुमारे १५७ किलोंनी घटले. विटा कमी लागतील, गिलावा कमी लागेल, खिडकीवरचा लिंटेल मात्र लांब हवा, काच जास्त हवी. नकाशात हे सारे हाताने बदलायचे. प्रतिरूपात एकच आकडा बदलायचा. लांबी, घनफळ, क्षेत्रफळ ही त्या आकड्यावरूनच काढलेली असल्याने आपोआप बदलतात. हा आकडेमोडीचा वेग नव्हे, ही साठवणुकीची शिस्त आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची.

जिन्यातही हीच गंमत दिसते. संहितेप्रमाणे राहत्या घरात पायरीची उंची १९ सेंटिमीटरांहून जास्त नको. दोन मजल्यांतले अंतर ३ मीटर असेल तर ३०० भागिले १९ म्हणजे १५.८, तेव्हा १६ पायऱ्या घ्यायच्या, प्रत्येकी १८.७५ सेंटिमीटर. आठ चढल्या की वळण, पुन्हा आठ. आता कोणी मजल्याची उंची ३.२ मीटर केली, तर १६ पायऱ्यांत ती बसत नाही, सतरावी लागते. सतरावी आली की जिन्याची एक बाजू पाऊण फुटाहून अधिक लांबते आणि शेजारच्या खोलीत घुसू पाहते. एका माणसाला हे लक्षात यायला दोन दिवस लागतील. कधी कधी जिना ओतून झाल्यावरच ते लक्षात येते.

सूर्य आणि छज्जा

पदार्थविज्ञानाचा शिक्षक असल्याने येथे मला थोडे थांबावेसे वाटते. प्रतिरूपाला अक्षांश आणि उत्तर दिशा ठाऊक असली, की सूर्य कोठे असेल हे तुम्ही-आम्हीही काढू शकतो.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्याची उंची ९० वजा १८.५ वजा २३.५, म्हणजे ४८ अंश. २१ मार्चला ९० वजा १८.५, म्हणजे ७१.५ अंश. समजा, आपली खिडकी बरोबर दक्षिणेकडे आहे आणि तिच्या माथ्यालगत ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे. छज्जाची सावली खिडकीवर किती खाली येईल? ०.६ ला सूर्याच्या उंचीच्या टॅन्जंटने गुणा. डिसेंबरात ०.६ × १.११, म्हणजे सुमारे ०.६७ मीटर. खिडकी १.२ मीटर उंच, तेव्हा तिच्या खालच्या अर्ध्या मीटरातून थंडीतले ऊन घरात येईल. मार्चमध्ये ०.६ × २.९९, म्हणजे जवळजवळ १.८ मीटर, संपूर्ण खिडकी सावलीत. एवढासा छज्जा हिवाळ्यात ऊन आत घेतो आणि उन्हाळा लागताच ते बाहेर ठेवतो! आपल्या जुन्या घरांतल्या गवंड्यांना टॅन्जंट ठाऊक नव्हता, पण छज्जा ठाऊक होता.

हे केवळ कौतुकाचे गणित नाही. आपल्याकडे २०१८ साली ऊर्जा दक्षता ब्यूरोने राहत्या इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' तयार केली. तिच्यात थंड प्रदेश सोडून इतरत्र अशी मर्यादा घातली आहे, की भिंती-खिडक्यांमधून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत असावी. हा आकडा काढण्यासाठी प्रत्येक भिंत कोणत्या दिशेला आहे, कशाची आहे, तिच्यात काच किती, छज्जा केवढा, हे सारे लागते. नकाशावरून हे एकेक मोजून काढणे म्हणजे कंबर मोडणारे काम. प्रतिरूपात ही माहिती आधीच असते.

सिंगापूरमधील अनुभव

या वाटेवर फार पुढे गेलेला एक छोटा देश म्हणजे सिंगापूर. तेथील तीन-चतुर्थांशांहून अधिक रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या उंच इमारतींतल्या घरांत राहतात. जमीन थोडी, माणसे पुष्कळ आणि एकेका इमारतीत शेकडो घरे. एका घरातली चूक शेकडो वेळा छापली जाणार! तेथे २०१३ पासून मोठ्या इमारतींच्या वास्तुरचनेची प्रतिरूपे सादर करणे सक्तीचे झाले, २०१४ मध्ये अभियांत्रिकी भागांची, आणि २०१५ पासून ५,००० चौरस मीटरांवरील सर्व नव्या प्रकल्पांची. डिसेंबर २०२३ मध्ये 'कोरनेट एक्स' ही नवी व्यवस्था सुरू झाली. तीत बांधकाम, नगररचना, रस्ते, पाणी, उद्याने, पर्यावरण आणि अग्निशमन या खात्यांकडे वेगवेगळे खेटे न घालता सर्वांची बांधणी मिळून एकच प्रतिरूप टप्प्याटप्प्याने सादर करायचे असते. त्यासाठी आयएफसी भाषेलाच थोडी स्थानिक भर घालून तिची सिंगापुरी आवृत्ती केली आहे.

एकच प्रतिरूप, हा शब्द महत्त्वाचा. वास्तुविशारद भिंती काढतो, संरचना अभियंता कॉलम-बीम ठरवतो, तिसरा माणूस पाण्याचे नळ आणि चौथा विजेच्या तारा टाकतो. प्रत्येकाचा नकाशा आपापल्या जागी निर्दोष असतो. चारही एकत्र ठेवले की दिसते, की सांडपाण्याचा पाइप थेट बीमच्या पोटातून चालला आहे. संगणक हे कसे ओळखतो? दोन घन वस्तू एकाच वेळी एकाच जागी राहू शकत नाहीत, हा तुम्ही सहावी-सातवीत शिकलेला द्रव्याचा गुणधर्म! दोन वस्तूंचे घनफळ जेथे एकमेकांत शिरते, तेथे संगणक तांबडी खूण करतो. कागदावर सापडलेला हा दोष रबराने पुसता येतो. बांधून झाल्यावर सापडला, तर बीमला भोक पाडावे लागते, आणि त्यात किती धोका आहे हे अभियंत्यालाच विचारा.

सिंगापूरचे आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथे १९९७ च्या एका कायद्याने नव्या घरांत एक लहानशी संरक्षक खोली बांधणे आवश्यक केले. आणीबाणीत कुटुंबाने आसरा घ्यायचा, एरवी अडगळ ठेवायची. तिच्या भिंती जाड सलोह काँक्रीटच्या असतात, दार पोलादी असते आणि त्या भिंती फोडण्यास मनाई असते. साध्या नकाशात ही कोठीच्या खोलीसारखीच दिसते: चार बाजू, एक दार. दोन रेघांना काय ठाऊक, की आपण जीव वाचवणारी भिंत आहोत! प्रतिरूपात मात्र या भिंतीला आपण कोण आहोत हे सांगावेच लागते. तिची जाडी, तिचा पदार्थ, तिचे काम.

आणि नेमके येथेच सावध राहायला हवे. भिंत स्वतःबद्दल सांगते, पण तिच्या तोंडी शब्द घालणारा माणूसच असतो. कोणी घाईत साधी विटांची भिंत काढून तिला 'सलोह काँक्रीट' असे नाव दिले, तर यंत्र ते खरे मानेल. कोणी खिडकी काढली, पण तिला 'खिडकी' न म्हणता नुसती 'वस्तू' म्हटले, तर डोळ्यांना खिडकी स्पष्ट दिसत असूनही यंत्र म्हणेल, या खोलीला खिडकीच नाही. यंत्राला चित्र दिसत नाही. त्याला नावे दिसतात. एककांचेही तसेच. ३,००० मिलिमीटरची भिंत चुकून ३,००० मीटरची झाली, तर संगणक तीन किलोमीटर लांबीची भिंत निमूटपणे उभी करील. म्हणून प्रतिरूप सादर करण्यापूर्वी चांगली कार्यालये एक काम निश्चित करतात. सर्व वस्तूंची यादी काढायची आणि निनावी वस्तू किती उरल्या ते मोजायचे. हा आकडा शून्य झाल्याशिवाय पुढे जायचे नाही.

शिवाय सगळेच नियम आकड्यांत मावत नाहीत. 'पायरी १९ सेंटिमीटरांच्या आत' हे यंत्राला समजते. 'वाट सुलभ व सुरक्षित असावी' हे कसे समजणार? सुलभ म्हणजे किती मीटर? माझ्या मते नियम यंत्राला समजावेत म्हणून ते सगळेच आकड्यांत कोंबण्याची घाई करू नये. मोजण्याजोगे यंत्राने मोजावे, आणि त्यामुळे मोकळा झालेला वेळ अधिकाऱ्याने उरलेल्या गोष्टींवर डोळे भरून खर्च करावा.

आपल्या महाराष्ट्रात काय चालते? येथे प्रतिरूपाची सक्ती नाही, पण एक मधली पायरी आपण चढलो आहोत. पुण्यात तयार झालेली 'ऑटोडीसीआर' नावाची संगणक-प्रणाली संगणकावर काढलेला सपाट नकाशा वाचून त्यातली मोजमापे नियमांशी ताडून पाहते. त्यासाठी नकाशातली हद्द, भिंती, खिडक्या ही ठरवून दिलेल्या नावांच्या वेगवेगळ्या थरांत काढावी लागतात. रेघा अजून रेघाच आहेत. पण 'खिडकी' नावाच्या थरात काढलेली रेघ खिडकी, एवढे यंत्राला कळते. जुन्या लाल-पिवळ्या रंगांची जागा थरांच्या नावांनी घेतली, असे म्हणा ना.

आता तुमच्यासाठी काम. मापनफीत घ्या आणि तुम्ही अभ्यासाला बसता त्या खोलीचे प्रतिरूप वहीत लिहून काढा. चित्र काढायचे नाही. फक्त ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळीला क्रमांक द्या. मी भिंत, इतकी लांब, इतकी जाड, विटांची. मी पोकळी. मी खिडकी. अमुक पोकळी अमुक भिंतीत. खोलीलाही ओळ द्यायला विसरू नका. होकायंत्र मिळाले तर उत्तर शोधून तीही लिहा. मग वही मित्राला द्या आणि तुमची खोली न पाहता, केवळ ओळी वाचून त्याला तिचा आराखडा काढायला सांगा. त्याने दार भलत्याच भिंतीत काढले, तर कोणती ओळ लिहायची राहिली ते शोधा.

तुमच्या खोलीला गच्चीत उघडणारे मोठे काचेचे दार असेल, तर एक प्रश्न अडेल. संहितेप्रमाणे खिडक्यांचे क्षेत्रफळ मोजताना दारे धरायची नाहीत. मग काचेचे, सरकणारे, वारा आणि उजेड भरपूर देणारे हे दार दार म्हणून लिहायचे की खिडकी म्हणून? आधी दोन्ही प्रकारे गणित करून पाहा. खोली एका प्रकारे पास आणि दुसऱ्या प्रकारे नापास होत असेल, तर तुमच्या गावातल्या एखाद्या वास्तुविशारदाला गाठून विचारा, की तुम्ही काय लिहिता आणि का?